लंडनमधील पूर्वीचे काउन्सिलचे घर: जाहिरातीतील किमतीपलीकडे नेमका किती खर्च धरावा?

प्रश्न: मुळाकाठ

सर्वांना नमस्कार. मी आणि माझी पत्नी सात वर्षांपासून लंडनमध्ये भाड्याने राहत आहोत. गेल्या वर्षी आम्हाला येथे कायम राहण्याची परवानगी मिळाली आणि मुलगी लवकरच शाळेत जाऊ लागेल, त्यामुळे आता स्वतःचे घर घ्यायचे असे आम्ही ठरवले आहे. आमच्या आवाक्यात दोन घरे आली असून दोन्ही एके काळी काउन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेने भाडेकरूंसाठी बांधलेली, होती.

पहिले घर कॅटफर्डजवळ आहे. १९६० च्या दशकात बांधलेल्या पाच मजली ब्लॉकमधील, तिसऱ्या मजल्यावरचा हा दोन बेडरूमचा फ्लॅट ३,२०,००० पाउंडांना मिळतो आहे. मूळ भाडेकरूने तो १९८९ मध्ये राइट टू बाय, म्हणजे भाडेकरूला राहते घर विकत घेऊ देणाऱ्या, योजनेखाली काउन्सिलकडून विकत घेतला होता. तेव्हाची १२५ वर्षांची लीज (ठरावीक वर्षांपुरता घराचा हक्क) आता ८८ वर्षांवर आली आहे. घरांसमोरून चाळीतल्या गॅलरीसारखा उघडा सामायिक मार्ग जातो. खोल्या मात्र इतक्या ऐसपैस आहेत की, जवळच्या नव्या खासगी इमारतीत यापेक्षा लहान फ्लॅटला चार लाखांच्या वर मोजावे लागतात. सर्व्हिस चार्ज वर्षाला सुमारे १,९०० पाउंड आणि जमीनभाडे १० पाउंड आहे, असे एजंटने सांगितले.

दुसरे घर डॅगनममधील बेकनट्री एस्टेटवर आहे. दोन बेडरूमचे, विटांचे, ओळीतले हे घर फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसह कायमच्या मालकीचे, असून किंमत ३,८५,००० पाउंड आहे. ते माझ्या कामाच्या ठिकाणापासून लांब पडते आणि किमतीतला ६५,००० पाउंडांचा फरक आमच्यासाठी फार मोठा आहे.

आमच्याकडे ४८,००० पाउंड जमा आहेत. पुण्याहून वडीलही त्यांच्या ठेवीतून काही रक्कम पाठवण्यास तयार आहेत. कोथरूडचा फ्लॅट वडिलांच्या आणि माझ्या संयुक्त नावावर आहे, त्याची किंमत दीड कोटीच्या आसपास जाईल, परंतु तो विकण्याचा विचार नाही, कारण आई-वडील तिथेच राहतात.

कॅटफर्डचा फ्लॅट स्वस्त दिसतो, पण पुढे तो तसाच स्वस्त राहील का? कार्यालयातील एक सहकारी म्हणतो की अशा फ्लॅटसारखा फायद्याचा व्यवहार नाही, तर दुसरा म्हणतो की त्याच्या जवळही फिरकू नका. ज्यांनी अशा घरात काही वर्षे काढली आहेत त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सह्यकडा

नमस्कार. इतर खर्चांकडे वळण्याआधी एक गोष्ट पडताळून घ्या: हे घर कोणत्या पद्धतीने बांधले आहे आणि त्यावर कोणती बँक मॉर्गेज (गृहकर्ज) देते? किमतीत फरक पडण्याचे अर्धे कारण बहुधा इथेच सापडते.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई भागवण्यासाठी काउन्सिलांनी कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भागांपासून हजारो घरे उभारली. पुढे त्यांतील लोखंड गंजू लागल्याचे आढळल्यावर १९८४ च्या हाउसिंग डिफेक्ट्स ॲक्टखाली एअरी, कॉर्निश युनिट यांसारखे अनेक प्रकार सदोष म्हणून जाहीर झाले. रीतसर दुरुस्तीचे प्रमाणपत्र असल्याशिवाय अशा घरांवर बहुतेक बँका कर्ज देत नाहीत. उंच ब्लॉकांची कथा वेगळी आहे. १६ मे १९६८ रोजी पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली नव्या इमारतीत गॅसचा स्फोट झाला, एक कोपरा पत्त्यांच्या बंगल्यासारखा खाली आला आणि चार जणांचा जीव गेला. मोठे काँक्रीट पॅनेल एकमेकांवर रचून केलेल्या त्या बांधकाम पद्धतीकडे बँका आणि घराची तपासणी करणारे सर्व्हेयर आजही सावधपणे पाहतात.

आपला ब्लॉक पाचच मजली आहे, तरीही काही बँका उघडी गॅलरी असलेल्या फ्लॅटला नकार देतात किंवा जास्त डिपॉझिट (किमतीपैकी आपण स्वतः भरायची रक्कम) मागतात, आणि ब्लॉकमध्ये काउन्सिलचे भाडेकरू किती व मालक किती हेही विचारतात. हा केवळ आजचा प्रश्न नाही. उद्या आपण विकायला निघाल तेव्हा आपल्या ग्राहकालाही याच दारातून जावे लागेल, म्हणून सर्व्हेवर पैसे खर्च करण्यापूर्वी मॉर्गेज ब्रोकरला पूर्ण पत्ता देऊन हे विचारून घ्या.

गोदातीर

मुळाकाठ, आपला प्रश्न वाचला आणि बारा वर्षांपूर्वीचे आमचे दिवस आठवले. दक्षिण लंडनमध्ये, जवळपास अशाच ब्लॉकमध्ये आम्ही दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला आणि अजून तिथेच राहतो. घर मला मनापासून आवडते. जाड भिंती, सामान ठेवायला वेगळी खोली आणि दुपारभर येणारे ऊन नव्या फ्लॅटमध्ये आम्हाला परवडलेच नसते. १९६१ च्या पार्कर मॉरिस अहवालाने सुचवलेली खोल्यांची मापे १९६९ पर्यंत काउन्सिलच्या नव्या घरांना बंधनकारक झाली आणि १९८० पर्यंत ती तशीच राहिली, त्यामुळे त्या काळातील काउन्सिलची घरे आजच्या पुष्कळ खासगी घरांपेक्षा मोठी भरतात. म्हणून "जवळही फिरकू नका" हा सल्ला मी देणार नाही. पण जे आम्हाला कोणी सांगितले नाही, ते आपल्याला अगोदर कळले पाहिजे, असे मला तळमळीने वाटते.

आपण पुण्याचे आहात, म्हणून सोसायटीच्या उदाहरणाने सांगतो. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थेत दरमहा मेंटेनन्ससोबत सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी कापला जातो. आदर्श उपविधींनुसार त्यांचे दर बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ आणि ०.७५ टक्के असे ठरलेले आहेत. ते पुरत नाहीत ही गोष्ट वेगळी, परंतु काहीतरी साठत तरी असते आणि खर्च करण्यापूर्वी सर्वसाधारण सभेत हात वर करावे लागतात. इथल्या काउन्सिलच्या ब्लॉकमध्ये बहुतांश ठिकाणी असा निधी नसतो. इमारत काउन्सिलची, जमीन काउन्सिलची, आपण केवळ ठरावीक वर्षांचे लीजहोल्डर. छप्पर कधी बदलायचे हे काउन्सिल ठरवते आणि ते बदलले की खर्चातील आपला हिस्सा एकदम मागते. एजंटने सांगितलेले १,९०० पाउंड हे साफसफाई, जिन्यातील दिवे, लिफ्ट, इमारतीचा विमा आणि किरकोळ दुरुस्ती यांचे आहेत. मोठी कामे, ज्यांना इथे मेजर वर्क्स म्हणतात, ती त्यात नसतात.

घर घेतल्यावर चौथ्या वर्षी, एका शनिवारी सकाळी, आमच्या दारात काउन्सिलचे जाडजूड पाकीट पडले. पहिल्या पानावर कलम २० ची नोटीस होती. मी ती उभ्याउभ्याच वाचली आणि शेवटच्या तक्त्यापर्यंत पोहोचल्यावर जिन्याच्या पायरीवर बसलो. छप्पर नव्याने घालणे, सर्व खिडक्या बदलणे, काँक्रीटची दुरुस्ती आणि त्यासाठी संपूर्ण इमारतीला परांची बांधणे, असे मिळून ७,८०,००० पाउंड. वाटणी बेडरूमच्या संख्येवरून ठरलेल्या गुणांप्रमाणे होती. ब्लॉकचे एकूण १४४ गुण होते आणि आमच्या घराचे ४, म्हणजे आमच्या वाट्याला २१,६६७ पाउंड आले. त्यावर १० टक्के व्यवस्थापन शुल्क लागून आकडा २३,८३३ पर्यंत गेला. आमची त्या वेळची सगळी शिल्लक त्याच्या निम्मीही नव्हती. पत्नीने ते पान दोनदा वाचले आणि एवढेच विचारले, "आपल्याला हे आधी कसे कळले नाही?" तो प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही, कारण कळणे शक्य होते. आमच्या खरेदीच्या वेळी काउन्सिलने पाठवलेल्या कागदांत "पुढील पाच वर्षांत बाह्य दुरुस्ती अपेक्षित" अशी एक ओळ होती आणि तिच्याखाली रेघ मारून आम्हाला दाखवणारे कोणी नव्हते.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण तो माहीत असणाऱ्याला थोडेफार संरक्षण निश्चित मिळते. १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टच्या कलम २० नुसार, एका कामासाठी कोणत्याही एका लीजहोल्डरकडून २५० पाउंडांहून अधिक घ्यायचे असतील तर रीतसर सल्लामसलत करावी लागते. नोटीस द्यायची, मत मांडायला ३० दिवस द्यायचे, निविदांचे अंदाज दाखवायचे आणि पुन्हा ३० दिवस द्यायचे. हे न करता काम उरकले, तर न्यायाधिकरणाने सूट दिल्याखेरीज प्रत्येकाकडून २५० पाउंडांपलीकडे वसूल करता येत नाही. मात्र काउन्सिलने एखाद्या कंत्राटदाराशी अनेक वर्षांचा करार आधीच केलेला असला, तर पुढच्या प्रत्येक कामाला ही सल्लामसलत आखूड होते आणि आपला कंत्राटदार सुचवण्याची संधी राहत नाही. कलम १९ प्रमाणे खर्च वाजवी असला पाहिजे, आणि कलम २०-ब प्रमाणे खर्च झाल्यापासून १८ महिन्यांत मागणी किंवा निदान लेखी सूचना आली पाहिजे. वाद असल्यास फर्स्ट-टियर ट्रिब्युनल या न्यायाधिकरणाकडे जाता येते.

आम्ही ट्रिब्युनलपर्यंत गेलो नाही. ब्लॉकमधील अकरा लीजहोल्डर खालच्या मजल्यावरील एका आजींच्या स्वयंपाकघरात तीन संध्याकाळी बसलो आणि कामाचे तपशीलवार मोजमाप मागवून एकेक ओळ तपासली. जिन्याच्या खिडक्या दोन ठिकाणी धरल्या गेल्याचे आणि परांचीचे भाडे काम थांबलेल्या आठवड्यांसाठीही लावल्याचे निघाले. काउन्सिलने ते मान्य केले आणि आमचे अंतिम बिल २२,६१० पाउंड झाले. आम्ही स्वतः तिथे राहत असल्यामुळे ४८ बिनव्याजी हप्ते मिळाले, म्हणजे चार वर्षे दरमहा ४७१ पाउंड. घर भाड्याने देणाऱ्या मालकांना ही सवलत बरीच कमी मिळाली. हप्त्यांचे नियम प्रत्येक काउन्सिलचे वेगळे असतात, ते आधीच विचारून ठेवा.

आपल्याला कोणीतरी फ्लॉरीच्या कायद्याचे नाव सांगेल. न्यूहॅममधील फ्लॉरी बोर्न या नव्वदी ओलांडलेल्या बाईंना छपरासाठी सुमारे ५०,००० पाउंडांचे बिल आले होते, त्यावरून हे नाव पडले. २०१४ पासून पाच वर्षांतील अशा वसुलीला लंडनमध्ये १५,००० आणि बाहेर १०,००० पाउंडांची मर्यादा आहे, हे खरे. परंतु ती मर्यादा काम केंद्र सरकारच्या विशिष्ट अनुदानातून झाले असेल तरच लागू होते. आमचे काम काउन्सिलच्या स्वतःच्या पैशांतून झाले, म्हणून आम्हाला तिचा काही उपयोग झाला नाही. तिच्यावर विसंबून हिशेब मांडू नका.

आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बिल कोणाच्या काळात काम झाले यावर ठरत नाही, तर मागणीची तारीख येते तेव्हा लीज कोणाच्या नावावर आहे यावर ठरते. आजच्या मालकाच्या काळात छप्पर झाले आणि बिल आपण किल्ली घेतल्यावर आले, तर ते आपल्याला भरावे लागेल. म्हणून आपल्या सॉलिसिटरमार्फत काउन्सिलकडून एलपीई-१ हा प्रश्नांचा नमुना भरून घ्या आणि त्यासोबत मागील तीन वर्षांचे प्रत्यक्ष हिशेब, दिलेल्या सर्व कलम २० नोटिसा आणि ब्लॉकच्या मोठ्या कामांचा पाच वर्षांचा आराखडा लेखी मागवा. छप्पर, लिफ्ट, खिडक्या आणि वायरिंग शेवटचे कधी बदलले, हे नेमके वर्ष विचारा. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या उंच इमारतीच्या आगीनंतर, म्हणजे २०१७ नंतर, अग्निसुरक्षेची दारे व तपासण्या यांचा खर्चही जागोजागी वाढला आहे, त्यामुळे आगीच्या धोक्याचा ताजा अहवालही पाहा. एखादे काम चालू असले किंवा जाहीर झालेले असले, तर विकणाऱ्याच्या रकमेतून ठरावीक भाग सॉलिसिटरकडे राखून ठेवण्याची अट करारात घालता येते. आम्ही ही अट घातली असती तर निदान निम्मा भार हलका झाला असता.

लीजच्या ८८ वर्षांकडेही लक्ष द्या. ती ८० च्या खाली गेली की वाढवून घेण्याची किंमत एकदम चढते. २०२४ च्या कायद्यात ही चढती किंमत काढून टाकण्याची तरतूद आहे, पण ती प्रत्यक्ष अमलात आली आहे का, हे सॉलिसिटरना विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. दोन वर्षे मालकी असल्याशिवाय वाढ मागता येत नसे, ती अट मात्र ३१ जानेवारी २०२५ पासून उठली आहे, तेव्हा घर घेतल्यावर लगेच अर्ज करता येईल. त्याचे मूल्यांकन, दोन्ही बाजूंच्या वकिलांचा खर्च आणि प्रत्यक्ष रक्कम खरेदीच्या किमतीतच धरावी.

आमच्याकडे अंदाजी सर्व्हिस चार्ज एप्रिलमध्ये येतो आणि मागील वर्षाच्या खऱ्या खर्चाचा हिशेब पुढे शरद ऋतूत येतो. बारापैकी नऊ वर्षे खरा खर्च अंदाजापेक्षा जास्तच निघाला. पहिल्या वर्षी आम्ही १,६५० पाउंड भरले होते, गेल्या वर्षी २,७४० भरले.

चाफा

गोदातीर यांचा अनुभव मोलाचा आहे. मी मात्र मूळ प्रश्नातील कोथरूडच्या फ्लॅटविषयीच्या एका वाक्याकडे परत जाते, कारण इतरांच्या नजरेतून ते सुटले आहे असे दिसते आणि त्या एका वाक्याची किंमत २१,००० पाउंड आहे. मी हिशेबाच्या व्यवसायात आहे आणि आपल्या मराठी कुटुंबांत हीच चूक मी पुन्हा पुन्हा पाहते, म्हणून आकड्यांसह लिहिते.

मुळाकाठ, आपण बहुधा असे धरून चालला आहात की इंग्लंडमधील हे आपले पहिले घर, म्हणून पहिल्या खरेदीदाराची स्टॅम्प ड्यूटीची सवलत मिळेल. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांप्रमाणे पहिल्या खरेदीदाराला ३,००,००० पाउंडांपर्यंत काही भरावे लागत नाही आणि त्यापुढे ५,००,००० पर्यंत ५ टक्के लागतात. या हिशेबाने कॅटफर्डच्या फ्लॅटवर १,००० आणि डॅगनमच्या घरावर ४,२५० पाउंड होतात. परंतु पहिला खरेदीदार म्हणजे ज्याच्या मालकीचे जगात कोठेही, कधीही घर नव्हते तो. कोथरूडच्या फ्लॅटमधील आपला हिस्सा इथे मोजला जातो. वारशाने आलेला हिस्साही मोजला जातो. सवलत गेली की सामान्य दर लागू होतात: १,२५,००० पर्यंत शून्य, २,५०,००० पर्यंत २ टक्के आणि ९,२५,००० पर्यंत ५ टक्के. त्याप्रमाणे फ्लॅटवर ६,००० आणि घरावर ९,२५० पाउंड होतील.

इथेच हे थांबत नाही. खरेदीच्या दिवसअखेर आपल्याकडे दुसरे घर असले, तर ३१ ऑक्टोबर २०२४ पासून संपूर्ण किमतीवर ५ टक्के अधिभार आहे, आणि ते दुसरे घर परदेशात असले तरी चालते. आपल्या हिश्श्याची किंमत ४०,००० पाउंडांच्या खाली असती तर तो धरला गेला नसता. दीड कोटीचा निम्मा हिस्सा आजच्या दराने त्याच्या बराच वर जातो. आपण भाड्याने राहत असल्यामुळे "जुने राहते घर विकून नवे घेतले" ही सूटही लागू होत नाही. म्हणजे फ्लॅटवर आणखी १६,००० मिळून २२,००० पाउंड, आणि डॅगनमच्या घरावर आणखी १९,२५० मिळून २८,५०० पाउंड. आपल्या ४८,००० मधून एवढी रक्कम गेली तर डिपॉझिटला काय उरेल, ते पाहा.

घर केवळ पत्नीच्या नावावर घेतल्याने अधिभार टळत नाही, कारण एकत्र राहणाऱ्या पती-पत्नींना यासाठी एकच धरतात. खरेदी पूर्ण होण्यापूर्वी कोथरूडमधील हिस्सा बक्षीसपत्राने किंवा हक्कसोडपत्राने वडिलांच्या नावावर खरोखर करून दिला, तर अधिभार लागत नाही. पहिल्या खरेदीदाराची सवलत तरीही परत येत नाही, कारण मालकी एकदा होतीच. महाराष्ट्रातील मुद्रांक शुल्क, दोन्ही देशांतील कर आणि घरातील इतर भावंडांचे हक्क यांचा विचार पुण्यातील वकिलाबरोबर बसूनच करावा लागेल. वडिलांनी कौतुकाने मुलाचे नाव घातलेले असते आणि ते काढा म्हणताना जीभ अडते, हे मी जाणते. तरीही हा विषय वडिलांपुढे आत्ताच काढा, ऑफर देण्याच्या आदल्या आठवड्यात नको.

वडिलांकडून येणाऱ्या रकमेबद्दल थोडक्यात सांगते. ती भेट आहे, कर्ज नाही आणि घरात त्यांचा वाटा नाही, असे पत्र बँक मागेल आणि सॉलिसिटर त्यांच्या ठेवीच्या पावत्या व बँकेची विवरणे पाहतील. ही कागदपत्रे जमवायला तिथे दोन-तीन आठवडे लागतात.

तांबडी वीट

मी बेकनट्रीवरच राहतो, त्यामुळे दुसऱ्या घराविषयी मी सांगू शकतो. लंडन काउंटी काउन्सिलने ही वसाहत १९२१ ते १९३५ च्या दरम्यान बांधली. सुमारे २६,००० घरांची ही वसाहत त्या काळी जगातील सर्वांत मोठी सार्वजनिक गृहवसाहत होती. बहुतेक घरे विटांची असल्याने मॉर्गेजला सहसा अडचण येत नाही, मात्र सर्व्हेयरकडून बांधकामाचा प्रकार लेखी घ्या.

फ्रीहोल्ड म्हणजे खर्च नाही, असे समजू नका. आम्ही सहा वर्षांत छपराची कौले व पन्हाळी, नवा बॉयलर आणि मागच्या अंगणाखालचा फुटलेला सांडपाण्याचा नळ यांवर मिळून १४,००० पाउंडांच्या जवळपास घातले. स्वयंपाकघराच्या जुन्या फरशीखालच्या चिकट थरात ॲस्बेस्टॉस निघाले. १९९९ पर्यंत त्यावर पूर्ण बंदी नव्हती, त्यामुळे जुन्या घरात भिंत किंवा छत फोडण्याआधी तपासणी करून घ्यावी. इमारतीचा विमा आपला आपण घ्यायचा असतो. काउन्सिलने विकताना घातलेल्या अटी मालकी हक्काच्या कागदात पाहा: आमच्या कागदात पुढच्या कुंपणाची उंची आणि सामायिक गल्लीची देखभाल यांविषयी कलमे आहेत.

आपल्या दोन घरांची तुलना मी अशी करतो. ६५,००० पाउंड जास्त कर्ज २५ वर्षांसाठी ४.५ टक्क्यांनी घेतले तर हप्ता दरमहा सुमारे ३६१ पाउंडांनी वाढतो. उलट फ्लॅटला सर्व्हिस चार्जचे दरमहा १५८ लागतात आणि गोदातीर यांच्यासारखे बिल बारा वर्षांत एकदा येईल असे धरले, तर त्यासाठी दरमहा आणखी १५० ते १६० बाजूला ठेवावे लागतील. म्हणजे ३१० च्या वर. घराच्या दुरुस्तीसाठी मी स्वतः दरमहा २०० ठेवतो आणि विमा वेगळा, त्यामुळे घर महागच पडते, परंतु फरक जाहिरातीतल्याइतका नाही आणि जास्तीच्या हप्त्याचा काही भाग मुद्दल म्हणून आपल्याच खात्यात जमा होतो. माझ्या दृष्टीने मोठा फरक दुसराच आहे. कौले गळू लागली त्या हिवाळ्यात आमच्याकडे पैसे नव्हते, तेव्हा आम्ही ३०० पाउंडांत तात्पुरते डागडुजीचे काम केले आणि पूर्ण दुरुस्ती दीड वर्षाने केली. ती वेळ आम्हाला ठरवता आली.

फ्लॅटविषयी एक भर घालतो. त्या एस्टेटच्या पुनर्विकासाची काही योजना आहे का, हे काउन्सिलच्या नियोजन विभागाच्या कागदांत पाहा. पाडापाडी ठरली तर मालकाला बाजारभाव आणि, वर्षभर राहत असल्यास, त्यावर ठरावीक मर्यादेपर्यंत १० टक्के मिळतात, पण पाडायच्या ठरलेल्या ब्लॉकमधील फ्लॅटच्या बाजारभावात त्याच भागात तेवढेच नवे घर मिळणे कठीण असते. दक्षिण लंडनमधील हेगेट एस्टेटवरील कित्येक लीजहोल्डरांना याच कारणाने तो परिसर सोडून दूर जावे लागले.

मुळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. चाफाताई, आपला प्रतिसाद वाचून त्या रात्री झोप लागली नाही, पण कळले ते योग्य वेळी कळले. रविवारी वडिलांशी बोललो. मी अडखळत सुरुवात केली, तेव्हा त्यांनीच मध्ये थांबवून म्हटले की नाव तुझ्या सोयीसाठी घातले होते, अडचणीसाठी नव्हे. बहिणीलाही सांगितले आहे आणि पुढील आठवड्यात ते दोघे वकिलांकडे जाणार आहेत. मुद्रांक शुल्काचा आकडा कळेपर्यंत आम्ही कोठेही ऑफर देणार नाही.

गोदातीर, आपण सांगितलेले प्रश्न मी जसेच्या तसे एजंटला पाठवले. छप्पर कधी बदलले हे त्याला ठाऊक नव्हते, पण मालकीणबाईंनी स्वतः दूरध्वनी करून सांगितले की गेल्या नोव्हेंबरमध्ये लिफ्ट आणि छप्पर यांसाठी पहिली नोटीस आली आहे व अंदाजाचे आकडे अजून यायचे आहेत. त्यांनी ती नोटीस छायाचित्र काढून पाठवलीही. त्या प्रामाणिकपणे बोलल्या, म्हणून त्यांच्याशी व्यवहार तोडावासा वाटत नाही. आकडे आल्यावर ती रक्कम सॉलिसिटरकडे राखून ठेवण्यास त्या तयार होतील का, हे विचारले आहे.

तांबडी वीट, शनिवारी आम्ही डॅगनमचे घर पुन्हा पाहायला येत आहोत, या वेळी सकाळच्या गर्दीच्या वेळेची गाडी धरून, म्हणजे रोजच्या प्रवासाचा अंदाज येईल. अंगणाखालून जाणाऱ्या नळाची कॅमेऱ्याने तपासणी आपण कोणाकडून करून घेतली, हे व्यक्तिगत निरोपात कळवाल का?